कमरेवरचे वजन

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सामान्य नागरिकाने भरलेले पिस्तूल कपड्यांखाली झाकून घराबाहेर पडणे ही आज बहुतेक ठिकाणी कायद्याला मान्य असलेली गोष्ट आहे, आणि ही मान्यता एकाएकी मिळालेली नसून गेल्या चाळीस वर्षांत एकेका राज्याच्या विधिमंडळातून आणि न्यायालयातून ती पुढे सरकत आलेली आहे. व्हर्माँट राज्याने यासाठी परवान्याची अट मुळात कधी घातलीच नव्हती. फ्लोरिडाने १९८७ साली कायदा करून, ठरलेल्या अटी पुऱ्या करणाऱ्या अर्जदाराला स्वतःच्या मर्जीने नकार देण्याचा अधिकार अधिकाऱ्यांकडून काढून घेतला आणि पुढे अनेक राज्यांनी तोच कित्ता गिरवला. पिस्तूल लपवून बाळगू देण्याचा कायदा इलिनॉयने सर्वांत शेवटी, २०१३ साली, केला. जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कच्या कायद्याविषयीच्या ब्रूएन खटल्यात घराबाहेर हत्यार बाळगण्याचा हक्क राज्यघटनेनेच दिलेला आहे असा निर्णय दिला, आणि २०२४ पर्यंत एकोणतीस राज्यांत त्यासाठी परवान्याचीही गरज उरली नाही. हा हक्क असावा की नसावा, यावर त्या देशात पुष्कळ लिहिले गेले आहे. ज्याने तो वापरायचे ठरवले त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी कपडे घालताना जो प्रश्न पडतो, त्याच्याकडे मात्र तेवढ्या गांभीर्याने पाहिले गेलेले नाही, आणि तो प्रश्न नेमके कोणते पिस्तूल, हा आहे.

रोज पिस्तूल बाळगणाऱ्याचा त्या पिस्तुलाशी येणारा संबंध जवळजवळ सगळा ते वाहण्याचा असतो. सकाळी ते कमरपट्ट्यात अडकवणे, गाडीत बसल्यावर ते कुशीत रुतणे, खाली पडलेली वस्तू उचलताना सदरा वर सरकू नये म्हणून कमरेत न वाकता गुडघ्यांत वाकणे, रात्री ते काढून कुलपात ठेवणे, असा तो वर्षानुवर्षांचा सहवास असतो. ते चालवण्याची वेळ बहुतेकांवर आयुष्यात कधीच येत नाही आणि आलीच तर ती काही सेकंदांत सरते. तरीही निवड करताना त्या काही सेकंदांचा आणि या हजारो तासांचा विचार एकाच वेळी करावा लागतो, आणि दोहोंच्या मागण्या परस्परांच्या अगदी उलट असतात, कारण वाहायला सोपे असलेले पिस्तूल नेमाने चालवायला अवघड असते आणि चालवायला सोपे असलेले पिस्तूल दिवसभर वाहवत नाही. त्यातून निघणारी तडजोड एकदाच करून भागत नाही. अंगाचा बांधा, घरातली माणसे, नोकरी, हवामान आणि वय बदलेल तशी ती पुन्हा पुन्हा करावी लागते, आणि म्हणूनच एखाद्या माणसाच्या कमरेवर निरनिराळ्या वयांत काय होते हे पाहिले तर त्याच्या आयुष्याचा बराचसा आलेख त्यात सापडतो.

लपवता येईल एवढे लहान हत्यार बनवण्याची धडपड मात्र जुनी आहे. फिलाडेल्फियाचे बंदूककार हेन्री डेरिंजर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खिशात मावणारी, एकच बार भरता येईल अशी पिस्तुले घडवली, आणि १४ एप्रिल १८६५ च्या रात्री वॉशिंग्टनच्या फोर्ड्‌स थिएटरमध्ये अब्राहम लिंकन यांना लागलेली गोळी अशाच एका पिस्तुलातून सुटली होती. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत महात्मा गांधींवर चालवले गेलेले इटालियन बेरेटा, त्या कंपनीचे १९३४ चे मॉडेल, हेही आकाराने असेच लहान पिस्तूल होते. स्वसंरक्षणासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूची कुळकथा सांगताना या दोन तारखा गाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही, कारण लपवता येणे हा त्या वस्तूचा गुण ती हाती धरणाऱ्याच्या हेतूची विचारपूस करत नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी जॉन ब्राउनिंग यांच्या आराखड्यांवरून कोल्ट कंपनीने १९०३ चे पॉकेट मॉडेल काढले, ज्यात काडतुसाच्या बुडावर आघात घडवून आणणारा भाग, म्हणजे घोडा, पिस्तुलाच्या अंगातच झाकलेला होता, जेणेकरून खिशातून काढताना तो अस्तरात अडकू नये. पाठोपाठ १९०८ मध्ये बंडीच्या खिशात मावणारे जेमतेम पावणेचारशे ग्रॅमचे पिस्तूलही आले. पण आजच्या अर्थाने रोज बाळगण्याच्या हत्याराचा नमुना ठरले ते १९५० सालचे स्मिथ अँड वेसन कंपनीचे लहान रिव्हॉल्व्हर, जे पोलीसप्रमुखांच्या परिषदेत प्रथम दाखवले गेले आणि ‘चीफ्स स्पेशल’ या नावाने रूढ झाले. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसे एका फिरत्या गोल नळकांड्यात बसवलेली असतात आणि त्या नळकांड्याची रुंदी हीच कमरेवर दिसणारी रुंदी असते. या कारखानदारांनी सहाऐवजी पाचच काडतुसांची घरे ठेवली, त्यामुळे नळकांडे सडपातळ झाले आणि कोटाखालचा फुगवटा कमी झाला. एक काडतूस देऊन थोडी रुंदी वाचवण्याचा तो व्यवहार इतक्या लोकांना पटला की पाच काडतुसांची ती जात पंचाहत्तर वर्षांनंतरही बाजारातून गेलेली नाही. पुढे १९६५ मध्ये त्याच रिव्हॉल्व्हरची स्टेनलेस पोलादाची आवृत्ती निघाली. अंगाला चिकटून राहणारे पोलाद घामाने गंजते, ही अडचण नेमबाजीच्या मैदानावर वापरायच्या हत्याराला फारशी जाणवत नाही, पण जे हत्यार वर्षाचे बारा महिने कातडीला लागून असते त्याला ती पहिल्याच उन्हाळ्यात जाणवते.

वजन हा या सगळ्या तडजोडीचा गाभा आहे, आणि तो पदार्थविज्ञानाच्या अगदी प्राथमिक नियमावर उभा आहे. गोळी पुढे जाते तेव्हा तेवढ्याच संवेगाने पिस्तूल मागे येते. संवेग म्हणजे वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार. काडतूस तेच ठेवून पिस्तुलाचे वजन ९०० ग्रॅमवरून ४५० ग्रॅमवर आणले, तर ते हातात दुप्पट वेगाने मागे येते आणि त्या धक्क्याची ऊर्जाही दुप्पट होते. हलक्या ॲल्युमिनियमच्या चौकटीची पाच काडतुसांची रिव्हॉल्व्हरे सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास भरतात, आणि ती दिवसभर खिशात ठेवून माणूस चालू-फिरू शकतो. पण मैदानावर त्यांतून पन्नास गोळ्या झाडल्यानंतर अंगठा आणि तर्जनी यांच्यामधले कातडे लाल होते, आणि स्कँडियममिश्रित ॲल्युमिनियमच्या चौकटीच्या, जेमतेम सव्वातीनशे ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरमधून मॅग्नम जातीचे जोरदार काडतूस सोडले तर पाचवी गोळी झाडण्याची इच्छाच बहुतेकांना उरत नाही. याचा खरा तोटा दुखणाऱ्या हातापुरता नाही. जे चालवताना दुखते त्याचा सराव माणूस टाळतो, आणि सराव टाळला की ते हत्यार नुसते सोबत असते, हातात बसलेले नसते. हलके पिस्तूल घेणाऱ्याने जास्त सराव करायला हवा, आणि हलकेपणामुळेच तो कमी होतो, हा या निवडीतला सगळ्यांत जाचक पेच म्हणावा लागेल.

चापाचे गणितही असेच आहे. चाप म्हणजे बोटाने ओढायची ती लहान कळ. दुपदरी कृतीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये, म्हणजे ज्यात चाप ओढतानाच घोडा मागे जाऊन सुटतो त्यात, ही ओढ पाच किलोच्या घरात असते. ज्या वस्तूचे स्वतःचे वजन अर्ध्या किलोपेक्षाही कमी आहे तिच्यावर एका बोटाने पाच किलोचा जोर लावायचा आणि तेवढ्यात ती तसूभरही हलू द्यायची नाही, हे कसब सरावाशिवाय येणारे नाही. बारकाईने पाहिले तर लहान पिस्तूल हातात घेतल्यावर आणखी एक गोष्ट दिसते: मूठ आखूड असल्यामुळे करंगळीला धरायला जागाच मिळत नाही, ती खाली हवेत लोंबते किंवा मुठीच्या तळाशी वळून बसते, आणि पकडीला स्थिर ठेवणारे बोटच निकामी झाल्यामुळे प्रत्येक गोळीनंतर पिस्तूल हातात किंचित फिरते व पकड पुन्हा बसवावी लागते. मुठीची लांबी दीड-दोन सेंटिमीटरने वाढवली की हा दोष जातो. पण सदऱ्यावर उमटतो तो मुख्यतः मुठीचाच कोपरा असल्यामुळे तेवढी वाढही पाठीवरून लगेच ओळखू येते. कपड्यांवर हत्याराची आकृती अशी दिसू लागण्याला त्या लोकांच्या बोलण्यात ‘प्रिंट होणे’ म्हणतात, आणि नव्याने बाळगू लागलेल्या माणसाच्या मनात पहिले काही महिने तरी याखेरीज दुसरी धास्ती नसते.

नळीच्या लांबीमागे आणखी दोन गोष्टी दडलेल्या असतात. पुढचा आणि मागचा नेमदर्शक यांच्यातले अंतर नळीबरोबर घटते, आणि अंतर घटले की नेम धरताना झालेली बारीकशी चूकही लक्ष्यावर मोठी होऊन दिसते. दुसरे असे, की आखूड नळीत दारूच्या वायूला गोळी ढकलायला कमी वाव मिळतो, त्यामुळे तिचा वेग घटतो. स्वसंरक्षणाच्या काडतुसांत टोकाला पोकळी असलेली गोळी वापरतात, जी शरीरात शिरताच फुलून रुंद होते आणि आरपार जाऊन पलीकडच्या निरपराध माणसाला लागण्याची शक्यता कमी करते. पण फुलण्यासाठी तिला पुरेसा वेग लागतो. २००८ मध्ये आलेले रुगर कंपनीचे एलसीपी हे पिस्तूल जेमतेम २७० ग्रॅमचे आणि सुमारे सात सेंटिमीटर नळीचे होते, आणि खिशात पाकिटाइतकी जागा घेणाऱ्या त्या पिस्तुलाचा खप प्रचंड झाला. त्याचे पॉइंट ३८० जातीचे काडतूस मात्र याच कात्रीत सापडते, म्हणजे गोळी फुलली तर खोल जात नाही आणि खोल गेली तर बहुधा फुललेली नसते. एफबीआयने ११ एप्रिल १९८६ च्या मायामीतल्या चकमकीत आपले दोन अधिकारी गमावल्यानंतर काडतुसांची कसून परीक्षा सुरू केली आणि मांसाच्या जागी वापरल्या जाणाऱ्या जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी साधारण ३० ते ४५ सेंटिमीटर शिरली पाहिजे असा दंडक घातला. त्या दंडकाच्या पाठलागात ती संस्था आधी १० मिलिमीटरच्या, मग पॉइंट ४० च्या मोठ्या काडतुसांकडे गेली आणि गोळ्यांची बनावट सुधारल्यानंतर २०१५-१६ च्या सुमारास पुन्हा ९ मिलिमीटरवर आली. नागरिकांचा बाजारही तिच्या मागोमाग त्याच रस्त्याने गेला आणि परत आला.

विशी-तिशीतला माणूस पहिले पिस्तूल घेतो तेव्हा यांतले फारसे काही त्याच्या डोळ्यांसमोर नसते. दुकानात मांडलेल्या पिस्तुलांपैकी जे हातात भरून येते, ज्याची मूठ पूर्ण आहे आणि ज्यात पंधरा-सतरा काडतुसे मावतात, तेच त्याला पटते, आणि त्याक्षणी ते पटणे बरोबरही असते, कारण नेम धरायला तेच सर्वांत सोपे असते. परंतु दुकानात पायाला नीट बसलेली चप्पल चार मैल चालल्यावर चावते, तसे या पिस्तुलाचे घरी आल्यावर होते. ग्लॉकचे १९ क्रमांकाचे पिस्तूल, जे १९८८ पासून मध्यम आकाराचा मापदंड मानले जाते, रिकामे असताना सहाशे ग्रॅमच्या आत-बाहेर असते, पण पंधरा काडतुसे भरल्यावर साडेआठशे ग्रॅमच्या आसपास जाते, आणि एवढे वजन कमरेच्या एका बाजूला लटकवून ह्यूस्टनच्या किंवा मायामीच्या उन्हाळ्यात पातळ सदरा घालून दिवस काढायचा म्हणजे साध्या कमरपट्ट्याऐवजी दुहेरी कातड्याचा ताठ पट्टा घ्यावा लागतो, विजार एका मापाने मोठी घ्यावी लागते आणि सदरा खोचण्याची सवय सोडावी लागते. मिनेसोटाच्या हिवाळ्यात जाड कोटाखाली तेच पिस्तूल सहज लपते, मात्र तिथे हातमोजे आणि कोटाची बटणे आड येतात. पहिल्या वर्षात अशा माणसाच्या कपाटात होल्स्टरचा, म्हणजे पिस्तूल अंगावर अडकवायच्या आवरणांचा, ढीग जमतो: कमरेबाहेरचे, विजारीच्या आत खोचायचे, पोटाच्या पुढच्या बाजूला बसणारे, घोट्याला बांधायचे. त्यांतली बहुतेक काही आठवड्यांत कपाटात परत जातात, आणि शेवटी एक दिवस पिस्तूलच घरी राहते, कारण जवळच्या दुकानातून दूध आणायला जाताना एवढा खटाटोप करावासा वाटत नाही. घरी राहिलेले मोठे हत्यार आणि खिशात असलेले लहान हत्यार यांतले कामाचे कोणते, याचे उत्तर अनुभवी माणसे नेहमी दुसऱ्याच्या बाजूने देतात, आणि या देवघेवीत त्यांचे म्हणणे खोटे म्हणता येत नाही.

होल्स्टरविषयी थोडे अधिक लिहिणे भाग आहे, कारण पिस्तुलाच्या निवडीवर शेकडो डॉलर आणि कित्येक रात्रींचा विचार खर्च करणारा माणूस होल्स्टर मात्र हाताशी येईल ते घेतो, आणि अपघात घडतात ते तिथे. आजच्या बहुतेक लहान पिस्तुलांना बाहेरून हाताने लावायची सुरक्षा-कळ नसते. चाप ओढला की ती सुटतात, आणि चापाची ओढ रिव्हॉल्व्हरच्या निम्म्याच्या आसपास असते. म्हणून चापाभोवतीचा भाग पूर्ण झाकणारे आणि आकार न बदलणारे कडक आवरण हीच त्यांची खरी सुरक्षा ठरते. मऊ कातड्याचे होल्स्टर वापरून ढिले झाले, त्याची कड आत दुमडली आणि पिस्तूल आत सारताना ती कड चापाच्या मागे शिरली, तर कोणाचेही बोट न लागता गोळी सुटू शकते, आणि पिस्तूल पोटाच्या पुढच्या बाजूला असेल तर तिच्या वाटेत मांडीची मोठी धमनी असते. सावकाश आणि आवरणाकडे पाहत पिस्तूल परत ठेवावे, असे शिकवणारे जे वारंवार सांगतात ते याचसाठी.

लहान पिस्तुलांच्या वाढीला एका कायद्याचाही नकळत हातभार लागला. १९९४ च्या केंद्रीय कायद्याने नागरिकांसाठीच्या नव्या मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत सरकवायच्या काडतुसांच्या डबीत, दहापेक्षा जास्त काडतुसे ठेवण्यास मनाई केली आणि ती मनाई २००४ पर्यंत टिकली. दहाच भरायची असतील तर मोठी मूठ हवी कशाला, असा विचार करून कारखानदारांनी दहांपुरती पिस्तुले काढली. पुढे २०१८ मध्ये सिग सावर कंपनीच्या पी३६५ ने मॅगझिनची रचनाच बदलून सुमारे अर्ध्या किलोच्या, आठ सेंटिमीटरांहून कमी नळीच्या पिस्तुलात दहा काडतुसे बसवली, आणि पाच काडतुसांवर समाधान मानण्याची सक्ती संपली. तंत्राने तडजोड थोडी सैल केली, एवढे श्रेय त्याला द्यायला हवे. मात्र धक्का, पकड आणि सराव यांचे गणित तसेच राहिले.

चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे घरात मुले असतात, आणि तेव्हा प्रश्नाचे स्वरूप पार पालटते. आतापर्यंत बाहेरच्या अनोळखी माणसाचा विचार करून घेतलेली वस्तू आता घरातल्या ओळखीच्या, जिज्ञासू, चार फूट उंचीच्या माणसाच्या हाताला लागू नये, हा मुख्य विचार होतो. स्त्रियांच्या कपड्यांना बहुधा खिसे नसतात आणि कमरपट्टाही नसतो, म्हणून पर्समध्ये पिस्तूल ठेवण्याची सोय पुढे आली, आणि त्यासाठी वेगळा कप्पा असलेल्या पर्सही विकल्या जातात. डिसेंबर २०१४ मध्ये आयडाहो राज्यातल्या हेडन गावी एका दुकानात अशाच पर्समधले पिस्तूल दोन वर्षांच्या मुलाच्या हाती लागले आणि त्याच्या आईचा जागीच मृत्यू झाला. तिच्याकडे परवाना होता, पर्स त्यासाठीच बनवलेली होती आणि कायद्याच्या दृष्टीने सगळे रीतसर होते. अंगावर असलेले हत्यार माणसाच्या ताब्यात असते. पर्समधले हत्यार पर्स ज्याच्या जवळ आहे त्याच्या ताब्यात असते, आणि ज्या घरात लहान मूल आहे तिथे एवढा एक फरक बाकीच्या सगळ्या सोयी-गैरसोयींना भारी पडायला हवा.

भारतात २०१४ सालीच कानपूरच्या सरकारी कारखान्याने स्त्रियांच्या संरक्षणासाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचे सुमारे अर्ध्या किलोचे पॉइंट ३२ चे रिव्हॉल्व्हर काढले, आणि त्याची जाहिरात करतानाही पर्समध्ये मावणारा आकार हाच त्याचा विशेष म्हणून सांगितला गेला. भारतातली परवान्याची पद्धत इतकी कडक आणि किंमत इतकी मोठी, की तिथे या वस्तूचा रोजच्या जगण्याशी फारसा संबंध येत नाही. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांचा मात्र येतो. कामाच्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना तिथला केंद्रीय कायदा, शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद सोडले, तर बंदूक बाळगू देत नाही, पण ग्रीन कार्ड हाती आले की ती अडचण दूर होते. आणि स्वतःच्या घरात पिस्तूल नसले तरी मुलांच्या मित्रांच्या घरी ते असू शकते. मूल तिथे खेळायला जाण्यापूर्वी ‘तुमच्याकडे बंदूक आहे का आणि ती कुलपात असते का’ असे विचारावे, असा सल्ला तिथले बालरोगतज्ज्ञ देतात. दुसऱ्याच्या घरातल्या वस्तूंची चौकशी करणे मराठी माणसाच्या भिडेला जड जाते हे खरे, पण ही भीड बाजूला ठेवण्यासारखे कारण याहून मोठे सापडणार नाही.

याच वयात आणखी एक वजन पारड्यात टाकायला हवे, ज्याचा उल्लेख पिस्तुलांच्या जाहिरातींत कधीच नसतो. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने झालेल्या ४८,८३० मृत्यूंपैकी २६,३२८ आत्महत्या होत्या. कॅलिफोर्नियातल्या दोन कोटी साठ लाखांहून अधिक लोकांचा वर्षानुवर्षे मागोवा घेऊन २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, स्वतःचे पिस्तूल असलेल्या पुरुषांतले बंदुकीने झालेल्या आत्महत्यांचे प्रमाण पिस्तूल नसलेल्या पुरुषांच्या सुमारे आठपट, आणि स्त्रियांतले सुमारे पस्तीसपट आढळले. आणि हे केवळ जीव द्यायचे ठरवून पिस्तूल घेणाऱ्यांमुळे घडले असे म्हणता येत नाही, कारण पिस्तूल असलेल्यांतल्या बंदुकीने झालेल्या निम्म्याहून अधिक आत्महत्या ते विकत घेतल्यानंतर एक वर्ष उलटून गेल्यावर झाल्या होत्या. नोकरी जाते, संसार मोडतो, एखादे दुखणे जडते, आणि जे पिस्तूल दहा वर्षे बाहेरच्या संकटासाठी कमरेवर होते ते त्या रात्रीही हाताशीच असते. पटकन हाताशी येणे हा ज्या वस्तूचा मुख्य गुण मानून ती निवडली, त्याच गुणाचा हा दुसरा परिणाम आहे. ज्यांना अशा काळाची चाहूल लागते त्यांनी पिस्तूल काही महिने मित्राकडे, किंवा ही सोय देणाऱ्या दुकानदाराकडे, ठेवायला द्यावे, असे आता बंदुकीच्या दुकानांतूनही सांगितले जाऊ लागले आहे, आणि हत्यार बाळगणाऱ्यांच्या जगात गेल्या काही वर्षांत घडलेली ही सर्वांत चांगली गोष्ट आहे.

हलकेपणाचा आणखी एक परिणाम फारसा कोणी मोजत नाही. जड पिस्तूल दिवसभर आपली जाणीव करून देते. अडीचशे-तीनशे ग्रॅमचे पिस्तूल काही महिन्यांत अंगवळणी पडते आणि मग विसरले जाते. २०२३ मध्ये अमेरिकेच्या विमानतळांवरील तपासणीत प्रवाशांच्या हातातल्या सामानात ६,७३७ बंदुका सापडल्या आणि त्यांतल्या सुमारे ९३ टक्के भरलेल्या होत्या. पकडल्या गेलेल्या प्रवाशांकडून सर्वाधिक ऐकू येणारे कारण ‘पिशवीत आहे हे विसरलोच’ असेच असते, आणि ते बहुतांशी खरेच असावे. सोयीसाठी निवडलेली वस्तू सोयीची झाली की लक्षातून जाते. परंतु भरलेले पिस्तूल जवळ असणाऱ्या माणसाला कायदा आणि विवेक दोन्ही सांगतात ते हे, की त्याने रस्त्यावरच्या भांडणात इतरांपेक्षा आधी माघार घ्यावी, मद्याला शिवू नये, न्यायालय किंवा शाळा यांच्या दारात थांबून कमरेवर काय आहे ते आठवावे. हे सगळे त्या जाणिवेवरच चालते. या दृष्टीने पाहिले तर कुशीत थोडेसे रुतणारे पिस्तूल अगदीच वाईट म्हणता येणार नाही.

साठी ओलांडल्यावर तडजोड शरीर ठरवते. अर्धस्वयंचलित पिस्तुलात पहिले काडतूस नळीत चढवण्यासाठी वरचा पोलादी भाग, म्हणजे स्लाइड, हाताने मागे ओढावी लागते. पिस्तूल जितके लहान तितकी स्लाइड हलकी आणि तिचा प्रवास आखूड, म्हणून तिला आवरणारी स्प्रिंग तितकी कडक ठेवावी लागते. संधिवाताने बोटांचे पेर सुजलेल्या माणसाला तिशीत कौतुकाने घेतलेले ते इवलेसे पिस्तूल एक दिवस उघडताच येत नाही. मग दुकानदार रिव्हॉल्व्हर दाखवतो, कारण ते भरायला सोपे. पण त्याच्या चापाची पाच किलोची ओढ त्या बोटांना आणखी अवघड जाते, हे पैसे दिल्यानंतर लक्षात येते. या गरजेसाठी २०१८ मध्ये स्मिथ अँड वेसनने सैल स्प्रिंगचे, पॉइंट ३८० चे आणि आकाराने मुद्दाम थोडे मोठे ठेवलेले पिस्तूल काढले, आणि अशा रीतीने म्हातारपणी माणूस पुन्हा थोड्या मोठ्या हत्याराकडे वळतो. पुढचा नेमदर्शक चाळिशीच्या चष्म्यातून धूसर दिसतो, त्यावर तांबडा ठिपका दाखवणारी भिंगे निघाली आहेत. हाताच्या कंपावर आणि विसरू लागलेल्या मनावर मात्र असा उपाय निघालेला नाही.

मोटार चालवणे कधी सोडायचे याविषयी अमेरिकेतली कुटुंबे मोकळेपणाने बोलू लागली आहेत. पिस्तूल कधी खाली ठेवायचे याविषयी अजून फारशी बोलत नाहीत, आणि ज्याच्या घरात स्मृतिभ्रंशाची सुरुवात झाली आहे त्या घरात ही चूक महागात पडू शकते, कारण सायंकाळी घरी परतलेला मुलगा अनोळखी वाटणे ही त्या आजारातली नेहमीची गोष्ट आहे. ज्याने चाळीस वर्षे विचारपूर्वक निवड केली त्यानेच, बुद्धी शाबूत असताना, कोणत्या खुणा दिसल्या की कुलपाची किल्ली कोणाच्या हाती जावी आणि हत्यार पुढे कोणाकडे जावे, हे लिहून ठेवणे योग्य. त्या कागदावर वारसाचे राज्यही नोंदवलेले असावे, कारण जिवंतपणी दुसऱ्या राज्यातल्या मुलाला किंवा मुलीला पिस्तूल द्यायचे तर केंद्रीय कायद्याप्रमाणे ते परवानाधारक विक्रेत्याच्या हातूनच, नोंद आणि तपासणी होऊन, जावे लागते. मृत्युपत्राने मिळणाऱ्या पिस्तुलाला त्यातून सूट आहे, पण घेणारा ज्या राज्यात राहतो तिथला कायदा त्याला वेगळा लागू होतो.